निखारी रंगाचं पाणी

माझी शाळा सातवीतच सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. मोठे शब्द मला येत नाहीत. ही गोष्ट साध्या शब्दांतही सांगता येईल असं वाटलं, म्हणून धीर करून लिहितो. लहानांनी वाचावी आणि मोठ्यांनीही वाचावी.

खूप खूप पूर्वी, राजे पायी हिंडत आणि प्रजेच्या ओट्यावर बसून पाणी मागत, तेव्हाची ही गोष्ट आहे.

डोंगरांच्या मधल्या सपाटीवर एक गाव होतं. गावात सगळे रंगारी. मंजिष्ठेच्या मुळ्या कुटायच्या, कापड तुरटीच्या पाण्यात भिजवायचं, मोठ्या काहिलीत रंग उकळायचा आणि त्यात शेले, लुगडी, पागोटी बुडवायची. तिथला लाल रंग सगळ्या राज्यात नावाजलेला होता. गावाच्या मधोमध एक विहीर होती. पाणी इतकं नितळ, की तळाचा दगड हात घातला तर लागेल असं वाटावं.

त्या गावात दोन रीती होत्या.

पहिली हातांची. रंगाऱ्याचे हात कोपरापर्यंत लाल असत. तो रंग जन्मभर उतरत नसे आणि कोणी उतरवतही नसे. लग्न ठरवताना मुलीचे हात आधी बघत, तोंड नंतर. लहान मुलांना मात्र काहिलीत हात घालायला बंदी होती. समज येईपर्यंत त्यांचे हात तसेच राहत. गाव त्यांना कोऱ्या हातांची पोरं म्हणे.

दुसरी रीत त्याहून कडक होती. दुसऱ्याच्या काहिलीत काय घातलंय, हे विचारायचं नाही. प्रत्येक घराची कृती वेगळी. सासू ती सुनेच्या कानात सांगे, आणि सून पुढे तिच्या सुनेच्या, मुलगा नसला तर लेकीच्या. शेजारी आला, की तो काहिलीकडे पाठ करून बसे. कोणी चुकून विचारलं, "आज वास निराळा येतोय, काय टाकलंय?" तर लोक म्हणत, याला आईबापानं वळण लावलं नाही.

रीत चांगली होती. तिच्यामुळे कोणाची चोरी होत नसे आणि भांडण होत नसे. पुढे जे झालं ते वाईट रीतीमुळे झालं नाही, हे मला आधीच सांगून ठेवायचं आहे.

या गावात हौसा नावाची रंगारीण राहत होती. नवरा कापडाची गाठोडी घेऊन बाजारोबाजार फिरायचा. घरात ती, तिची सासू आणि मुलगी ठमी. ठमीचे हात अजून कोरे होते. ती रोज काहिलीच्या कडेला उभी राहून म्हणायची, "आई, एक बोट बुडवू?"

"बोट बुडवलंस तर सासरी धाडीन," हौसा म्हणायची.

"धाड की! तिथं तरी बुडवू देतील."

सासू आतून हसायची. "पोरगी तुझ्यावर गेली नाही, माझ्यावर गेली."

गावाला एकच दुःख होतं, लाकडाचं. काहिली दिवसभर उकळायच्या म्हणजे लाकूड हवं. आज्यांच्या वेळी रान घरामागे होतं. मग ते टेकडीवर गेलं, मग टेकडीपलीकडे. बाया पहाटे निघत आणि ऊन उतरल्यावर मोळ्या घेऊन परतत. कोणाची मान आखडलेली, कोणाची कंबर गेलेली. हौसाचं एक मूल पोटातच गेलं होतं, मोळी घेऊन उतरताना पाय घसरला तेव्हा.

हे राजाच्या कानावर गेलं. राजा भला होता. त्याच्या दरबारात एक विद्वान होता, त्याला दगडांचं ज्ञान होतं. राजाने त्याला गावात पाठवलं. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, गावाने दुसऱ्याच दिवशी त्याचं दगडबुवा करून टाकलं.

दगडबुवा गावभर फिरला. जमिनीला कान लावले, दगड फोडून हुंगले, एक तर चाटूनही पाहिला. मग त्याने सगळ्यांना पारावर बोलावलं. त्याचे डोळे चमकत होते.

"तुम्ही कशावर बसला आहात, ठाऊक आहे का?" तो म्हणाला.

"पारावर," सखोबा म्हणाला. सखोबा हौसाचा शेजारी. त्याला गप्प बसवणं त्याच्या बायकोलाही जमलं नव्हतं.

दगडबुवाही हसला. मग हळू बोलू लागला. "या जमिनीखाली मुरूम आहे. त्याखाली तुमच्या विहिरीचं पाणी. त्याखाली खडक, त्याखाली आणखी खडक. हे डोंगर उलटे करून एकावर एक खाली ठेवले तर जितकं खोल जाईल, तितकं खोल. आणि तिथे एक काळा दगड आहे. तो एके काळी चिखल होता. इथे समुद्र होता तेव्हाचा."

"इथं?" हौसाच्या सासूने विचारलं. "समुद्र?"

"हो, आजी. तुम्ही बसलात तिथे मासे पोहत होते. माणूस नावाचं कोणी जन्मलंच नव्हतं. त्या समुद्रातलं शेवाळ, झाडपाला, जीवजंतू मेले आणि चिखलात गाडले गेले. वर डोंगर चढले. चिखलाचा दगड झाला. पण त्या सगळ्या जिवांचा श्वास त्या दगडात अडकून राहिला आहे. आणि तो श्वास पेटतो."

सगळे आपापल्या पायांखाली बघू लागले. आपण रोज ज्यावर चालतो, थुंकतो, शेण सारवतो, त्याच्याखाली इतकं काही आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. मी लिहिताना मलाही खाली बघावंसं वाटलं.

शेवटी सखोबा म्हणाला, "श्वास पेटतो म्हणता? मग आमच्या सासूबाईंना चुलीपाशीच बसवायला हवं होतं, उगाच लाकडं आणली."

हशा पिकला. दगडबुवाने विचारलं, "तो श्वास वर आणू का?"

बायांनी एकमेकींच्या माना पाहिल्या. हौसा उठली आणि म्हणाली, "आणा."

मग मोठं काम उभं राहिलं. विहिरीपासून जवळच दगडबुवाने जमिनीला भोक पाडायला घेतलं. लोखंडी दांड्याला दांडा जोडत ते खाली खाली गेलं. दिवाळी आली आणि गेली, तरी ते खालीच चाललं होतं. काळ्या दगडाला टेकल्यावर ते आडवं वळवलं आणि दगडाच्या पोटात घुसवलं. भोकात लोखंडी नळी बसवली. नदीवर पाणचक्क्या बांधल्या, मोठाले दट्ट्ये बसवले. गाड्यांवर गाड्या वाळू आली.

शेवटी दगडबुवाने एक काहील मांडली. गावातल्या सगळ्या काहिली तिच्यात मावल्या असत्या. तिच्यात तो एक काढा बनवू लागला. बुधले, पिंपं, पुड्या रिकाम्या होत होत्या. वास असा, की नाक चुरचुरे. हा काढा, नदीचं पाणी आणि वाळू असं सगळं दट्ट्यांच्या जोराने नळीत ढकलायचं होतं, म्हणजे खालचा दगड फुटणार आणि श्वास मोकळा होणार.

सगळं गाव बघायला जमलं होतं. आणि समोर काहील दिसताच सगळ्या गावाने तिच्याकडे पाठ केली.

त्यांचं वळणच तसं होतं. म्हातारे, बायका, पोरं, सगळे तोंड फिरवून उभे राहिले. ठमीने मान वळवली तर हौसाने ती हाताने पुढे केली. "दुसऱ्याची काहील आहे ती. बघू नये."

दगडबुवाला आधी नवल वाटलं. मग बरं वाटलं. असं गाव त्याला कुठे मिळालं नव्हतं.

दट्ट्ये पडले. नदीचं पाणी जमिनीत जाऊ लागलं. किती गेलं म्हणून विचारू नका, नदी कमरेची घोट्यावर आली. मग पायांखाली एक आवाज झाला. कानाला तो आवाज ऐकू आला नाही, तळव्यांना ऐकू आला. फडताळांत भांडी किणकिणली. गाभण म्हशी एकदम उभ्या राहिल्या. खूप खोल काहीतरी तडकलं होतं.

दगडबुवाने नळीच्या तोंडाशी काकडा धरला.

आणि ज्योत उठली. निळी. धूर नाही, राख नाही, ठिणगी नाही. माणूस जन्मायच्या आधीचा श्वास त्यांच्या डोळ्यांसमोर जळत होता. हौसाच्या सासूने हात जोडले. हौसाने ठमीला कडेवर उचलून घेतलं आणि म्हणाली, "बघ, बाळा. आता बघ." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला तिचं गेलेलं मूल आठवत होतं.

घरोघरी नळ्या गेल्या. नळीच्या तोटीचा कान पिरगाळला, की चूल पेटे. बायांच्या डोक्यावरची मोळी उतरली. हे सुख खरं होतं, ते मी कमी करून सांगणार नाही.

मात्र बरोबर दुसरंही आलं. एका भोकाने भागेना, म्हणून आणखी भोकं पाडली. ज्यांच्या शेतात भोक, त्यांना मोबदला मिळून त्यांच्या घरांवर कौलं चढली. ज्यांच्या शेतात नाही, त्यांच्या अंगणात नुसती धूळ. सख्खे भाऊ बांधावरून बोलेनासे झाले. दिवसभर गाड्यांची खडखड, बाहेरगावचे कामकरी, त्यांची दारू, त्यांच्या मारामाऱ्या. जास्तीचा श्वास उंच नळीवर पेटवून देत, त्यामुळे रात्रीही आभाळ काळं होईना. पाखरं झोपायची विसरली. जमिनीतून परत आलेलं गढूळ, खारट पाणी गावाबाहेर खड्ड्यात साठवत. त्या खड्ड्यावर बगळा उतरला तर उडत नसे. आणि अधूनमधून जमीन थरथरायची. लोकांना त्याची सवय झाली. थरथर झाली, की सखोबा जमिनीलाच म्हणायचा, "आजी, कूस बदलली वाटतं!"

मग एक दिवस रंग बदलला.

हौसाने नेहमीसारखा शेला काहिलीतून काढला आणि ती बघतच राहिली. तो लाल नव्हता. राख झटकलेल्या निखाऱ्यासारखा होता. आत पेटलेला, कडेला जांभळी झाक. वाळत घातला तर अंगण उजळल्यासारखं झालं. कृती तीच होती. मंजिष्ठ तीच, तुरटी तीच. बदललं होतं फक्त विहिरीचं पाणी.

दुसऱ्या कोणत्याही गावाने म्हटलं असतं, पाणी बिघडलं. शेतकरी म्हणाला असता, गवळी म्हणाला असता. पण हे गाव रंगाऱ्यांचं. त्यांनी पाण्याला रंगावरून ओळखलं, आणि म्हणाले, पाणी सुधारलं!

पाण्याला थोडी खारट, लोखंडी चव आली होती. "असणारच," म्हातारे म्हणाले, "चांगला रंग पाण्यावर आपली खूण ठेवतो." त्या रंगाला त्यांनी निखारी नाव दिलं. लांबून व्यापारी आले. राजाचा माणूस आला. राजकन्येच्या लग्नाचा शालू निखारी रंगात हवा होता, आणि गावाने एकमुखाने हौसाचं नाव घेतलं.

लोकांचे हात खाजत होते. कोपरापर्यंत चुरचुरत होते. पण हात मुळातच लाल, त्यावर आणखी काय दिसणार? खाजवता खाजवता ते म्हणत, "निखारी खोल उतरतोय." डोकी दुखत. बायांच्या नाकातून रक्त येई. म्हशी मेलेली रेडकं टाकत. प्रत्येक गोष्टीला काहीतरी वेगळं कारण सापडे.

मग ठमी आजारी पडली.

आधी तिचं डोकं दुखलं. मग तिच्या पोटात अन्न ठरेना. एके सकाळी हौसा तिला न्हाऊ घालत होती आणि तिचे हात तिला दिसले. कोरे, पांढरे हात. त्यांच्यावर मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे होते, काही ओले, काही फुटलेले.

"आई, मी बोट बुडवलं नाही," ठमी घाबरून म्हणाली. "शपथ."

हौसाने स्वतःचे हात पाहिले. लाल रंगावर बोट फिरवलं. रंगाखाली तेच फोड होते. तेच चट्टे. ती सखोबाच्या घरी गेली. त्याच्या नातीचे कोरे हात उलटे करून पाहिले. तिथेही तेच. ज्या ज्या घरी पोर होतं, तिथे तिथे ती गेली. मोठ्यांच्या अंगावर जे रंगाने झाकलं होतं, ते पोरांच्या हातांवर उघडं पडलं होतं.

वैद्य आले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, डोळ्यांच्या कडा पाहिल्या. "पोटात काहीतरी जातंय," ते म्हणाले.

"काय जातंय?"

"ते कळलं तर उतारा देईन. नाही कळलं तर चुकीचं औषध उलट मारेल. पोरीकडे फार दिवस नाहीत, हौसाबाई."

संध्याकाळी हौसा विहिरीवर गेली. विहिरीच्या कोनाड्यात दिवा लावायची पाळी तिची होती. दिवा लावताना पेटती काडी तिच्या हातातून निसटली आणि खाली पाण्यात पडली.

काडी विझली नाही, पाणीच पेटलं.

निळी ज्योत पाण्यावरून सरकत गेली, भिंतीला टेकली, परत फिरली. विहीर आतून उजळली. काठावरच्या बाया गुडघ्यांवर बसल्या. "देवी प्रकटली," कोणीतरी म्हणालं. हौसानेही हात जोडले. पाणी पेटताना पाहिल्यावर कोणाचेही हात जुळतील. पण जोडलेल्या हातांवरून ती त्या ज्योतीकडे बघत राहिली आणि तिला तो रंग ओळखू आला. रंगारीण होती ती, रंग विसरली नसती. हा तिच्या रोजच्या चुलीतला निळा होता.

"ही देवी नाही गं," ती म्हणाली. "हा खालचा श्वास आहे. तो विहिरीत आलाय."

आणि मग तिच्या मनात पुढचा विचार आला. श्वास वर आला असेल, तर त्या मोठ्या काहिलीतला काढाही आला असेल.

दुसऱ्या दिवशी ती दगडबुवाच्या तळावर गेली. दारात उभी राहिली. जो प्रश्न तिच्या सात पिढ्यांत कोणी कोणाला विचारला नव्हता, तो तिला विचारायचा होता.

"बुवा, त्या काढ्यात... वैद्यांना हवंय... त्यात काय..."

दगडबुवाचा चेहरा मिटला. "हौसाबाई, ती माझी कृती आहे. अर्धं आयुष्य घातलंय तिच्यात. उद्या शेजारच्या राज्याला कळली तर? तुमच्या गावात तर असं विचारणं पाप समजतात. तुमच्या काहिलीत काय आहे, तुम्ही मला सांगाल?"

हौसा दारातूनच मागे वळली. ती घरी परतली.

त्याच आठवड्यात राजा शालू बघायला आला. हौसाच्या ओट्यावर बसला. अंगणात गाव जमलं. दगडबुवा राजाच्या शेजारी उभा होता, वैद्य खांबाशी. हौसाने शालू उलगडला आणि राजा श्वास घ्यायचा थांबला. सगळं अंगण त्या रंगाकडे बघत होतं. असा रंग पुन्हा होणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

"मागा, काय हवं ते मागा," राजा म्हणाला.

"महाराज, मला एक प्रश्न विचारायचा आहे. पण आमच्यात तो विचारत नाहीत. म्हणून आधी मी माझं सांगते." हौसाने पदर खोचला आणि ती गावाकडे वळली. "ऐका रे सगळे. माझ्या काहिलीत काय असतं ते ऐका."

"हौसा!" सासू ओरडली. "मी तुझ्या कानात सांगितलं होतं, चावडीवर सांगायला नाही!"

"आत्याबाई, ही कृती मी ठमीसाठी राखली होती. ठमीच राहिली नाही तर कोणाच्या कानात सांगू?"

लोक सवयीने पाठ करू लागले, कानांवर हात ठेवू लागले. हौसा मोठ्याने म्हणाली, "तोंडं फिरवू नका. मंजिष्ठेची मुळं, दोन पावसाळे पाहिलेली. हिरड्याच्या पाण्यात कापड एक रात्र. मग तुरटी. डाळिंबाची साल, वाळवून कुटलेली. उकळी फुटू द्यायची नाही, नुसती थरथर ठेवायची. एवढंच. हेच आमच्या घराचं गुपित."

रंगाऱ्यांना वाटत होतं, कोणीतरी आपल्यासमोर उघडं झालंय.

तेवढ्यात सासू काठी टेकत पुढे आली. "एवढंच नाही," ती पुटपुटली. "उतरवताना मूठभर बाभळीच्या शेंगा. ते तुला सांगितलंच नव्हतं."

"आत्याबाई! इतकी वर्षं?"

"मग? सगळं एकदम सांगितलं असतं तर तू मला विचारलं असतंस का?"

राजासुद्धा हसला. पण हौसाचं हसू लगेच मावळलं. ती आत जाऊन ठमीला उचलून घेऊन आली आणि दगडबुवासमोर उभी राहिली. ठमीचे हात पांघरुणाबाहेर लोंबत होते.

"बुवा, माझं सांगून झालं. आता विचारते. तुमच्या काहिलीत काय आहे?"

दगडबुवाने त्या हातांकडे पाहिलं. त्याने ते हात पहिल्यांदाच पाहिले होते. इतके दिवस तो फक्त दगडांकडे बघत होता. तो राजाची परवानगी घ्यायलाही थांबला नाही.

"मीठ," तो म्हणाला. "लोखंड खाणारं आंबट पाणी. बुळबुळीतपणासाठी तेलं. नळीत शेवाळ धरू नये म्हणून विष..."

"कोणतं विष?" वैद्य पुढे झाले.

त्याने नाव सांगितलं. वैद्यांनी डोळे मिटले, मग उघडले आणि पिशवी उचलून ते ठमीच्या उशाशी बसले. आता त्यांना काय करायचं ते माहीत होतं.

"ते खोल जाणार होतं, महाराज," दगडबुवा म्हणत होता. कोणी त्याला विचारलंही नव्हतं. "मध्ये डोंगराएवढा खडक आहे. वर येईल असं मला वाटलं नाही. पण नळी विहिरीच्या पाण्यामधून खाली जाते. तिचा एखादा सांधा... जमीन थरथरते तेव्हा..."

राजाने शालूवरचा हात काढून घेतला. तो हाताच्या तळव्याकडे बघत राहिला. "हे मी माझ्या लेकीच्या अंगावर घालणार होतो," तो म्हणाला. "भोकं बंद करा. आजच. आणि तडे बुजवून टाका."

"भोकं बंद करतो," दगडबुवा म्हणाला. "तडे बुजत नाहीत, महाराज. मला दगड फोडता येतो. जोडता येत नाही. ते कोणालाच येत नाही."

सगळ्यांनी पुन्हा एकदा खाली, आपल्या पायांकडे पाहिलं. तो खडक समुद्रापासून, माणसाच्या आधीपासून तिथे अखंड होता. त्यांच्या एका पिढीत तो फुटला होता, आणि आता जग असेपर्यंत तो तसाच फुटका राहणार होता.

ठमी वाचली. वैद्यांनी तिला वर डोंगरातल्या एका स्वच्छ झऱ्यावर नेऊन ठेवलं. महिने गेले, चट्टे सुकले, अन्न ठरू लागलं. पण कोऱ्या हातांची सगळी पोरं वाचली नाहीत. सखोबाची नात गेली. त्यानंतर सखोबाने थट्टा केलेली कोणी ऐकली नाही.

विहिरीचं पाणी निवळलं नाही. तिच्यावर मोठी शिळा टाकली आणि गाव उठून वरच्या झऱ्यापाशी गेलं. लाकडासाठी पुन्हा चालणं आलं. पण आता राजाने आपल्या गाड्यांचे बैल मोळ्या वाहायला दिले, गावाने बांधाबांधावर झाडं लावली, आणि प्रत्येक घराची वेगळी काहील न पेटवता चार घरं एक काहील वाटून घेऊ लागली. निखारी रंग कोणाला परत साधला नाही. राजकन्येने साध्या लाल शालूत लग्न केलं, हौसाच्या कृतीचा, बाभळीच्या शेंगांसकट.

दगडबुवा दरबारात परतला नाही. तो बंद विहिरीजवळ झोपडी बांधून राहिला. वाटसरू यायचे, शिळा सरकवून पाणी काढू पाहायचे. तो त्यांना अडवायचा आणि त्या पाण्यात काय काय आहे, ते सगळं, एकही नाव न वगळता सांगायचा.

आणि नव्या गावात काहिली रस्त्याकडे तोंड करून मांडल्या गेल्या. पाहुणा आला, की त्याने आधी विचारायचं, "काय घातलंय?" आणि घरच्यांनी खरं सांगायचं. जो विचारत नसे, त्याला लोक म्हणत, याला वळण नाही.

बोध: जे पाणी सगळ्यांच्या पोटात जाणार, त्यात काय मिसळलं जातंय हे विचारायला लाजू नये, कारण उशिरा मिळालेलं उत्तर फुटलेला दगड जोडत नाही.

गोष्ट लिहून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर आला. बाया हंडे लावून उभ्या होत्या. मी टँकरवाल्याजवळ गेलो आणि विचारलं, "दादा, पाणी कुठून भरलंय?" माझा आवाज फार बारीक आला, त्याला ऐकू गेला नाही. म्हणून मी पुन्हा विचारलं.